हॅना मार्शमन यांचे स्मरण करताना त्यांना आधी पत्नी म्हणावे की शिक्षिका? भाषणासाठी मार्गदर्शन हवे आहे

दिवेलागण यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या ५ मार्चला आमच्या मंडळीच्या महिला संघात इंग्लंडहून आलेल्या मिशनरी शिक्षिका हॅना मार्शमन यांच्या स्मरणार्थ अर्धा तास बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. १८४७ साली याच तारखेला सेरामपूर येथे त्यांचे निधन झाले. (आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे. हे बंगालमधले, हुगळीच्या पश्चिम काठावरचे आणि त्या काळी बराच काळ डेन्मार्कच्या ताब्यात असलेले गाव.) मराठी वाचकाला या गावाचे नाव परके वाटण्याचे कारण नाही, कारण विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी लिपीतील मराठी शब्दकोश १८१० मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडला.

तयारीसाठी गेला महिनाभर मी जे मिळेल ते वाचते आहे. कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या सेरामपूरच्या तिघा मिशनरींविषयी पानेच्या पाने सापडली. हॅनाबाईंचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या वाक्यात येतो आणि ते वाक्य जवळपास सगळीकडे सारखेच असते: त्या मार्शमन यांच्या पत्नी होत्या, अत्यंत भाविक होत्या आणि त्यांनी मुलींची शाळा चालवली. जवळजवळ ८० वर्षांचे आयुष्य, त्यातली ४७ वर्षे एकाच गावात आणि एकाच कामात गेलेली, आणि त्याचा हिशेब एका वाक्यात! हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. त्याच वेळी अशीही भीती वाटते की त्यांना मोठे करण्याच्या उत्साहात मी त्यांच्या तोंडी आजचे विचार घालीन आणि ज्या संसारावर त्यांची निष्ठा होती तो संसारच बाजूला सारीन.

त्या दिवशीच्या शास्त्रवाचनासाठी आम्ही नीतिसूत्रे ३१ हा अध्याय ठरवला आहे, म्हणजे सद्गुणी स्त्रीचे वर्णन. तो वाचल्यावर श्रोत्यांच्या मनात पुन्हा पत्नी हीच प्रतिमा पक्की होईल, असे संघातील एका भगिनींचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. म्हणून जाणकारांना विचारते की हॅनाबाईंचे शिकवणे हे पतीच्या कामाला लावलेला हातभार होता, की ते स्वतंत्रपणे उभे राहणारे काम होते? आणि इतक्या दीर्घ आयुष्याविषयी बोलताना सनावळ्यांची यादी होऊ नये म्हणून कोणते प्रसंग धरून बोलावे?

जुनीपाने यांचा प्रतिसाद

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर मला तरी पैशाच्या हिशेबात सापडले. स्मरणसभेत पैशाविषयी बोलणे कोणाला अप्रशस्त वाटेल, पण या बाईंच्या बाबतीत ते टाळले तर सगळीच गोष्ट हातातून निसटते.

मार्शमन दांपत्य क्रायटेरियन नावाच्या जहाजाने निघाले आणि १३ ऑक्टोबर १७९९ रोजी सेरामपूरला उतरले. थोरला मुलगा जॉन क्लार्क तेव्हा पाच वर्षांचा होता. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनरींना थारा देत नसे, म्हणून डेन्मार्कच्या वसाहतीचा आसरा घ्यावा लागला. त्यांच्याबरोबर आलेले विल्यम ग्रँट महिना पुरा होण्याच्या आतच वारले. कॅरी त्यांना येऊन मिळाले ते १८०० च्या जानेवारीत. इतकी कुटुंबे एका ठिकाणी राहणार, एका पंगतीत जेवणार आणि सर्वांची मिळकत एकाच तिजोरीत जाणार, अशी व्यवस्था त्यांनी ठरवली. इंग्लंडमधून येणारी मदत जहाजाने येई, म्हणजे पत्र गेल्यापासून पैसा हाती पडेपर्यंत वर्ष सहज निघून जाई. अशा स्थितीत या सर्वांनी खायचे काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर उभा होता.

त्या प्रश्नाचे पहिले भरवशाचे उत्तर म्हणजे शाळा. १ मे १८०० रोजी जोशुआ आणि हॅना यांनी दोन निवासी शाळा उघडल्या, एक मुलांची आणि एक मुलींची. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी यांची नेमणूक १८०१ मध्ये झाली आणि त्यांचा पगार, जो सुरुवातीला महिना ५०० रुपये होता, तेव्हापासून सामाईक तिजोरीत जमा होऊ लागला. छापखान्याला बाहेरची कामे मिळून बरकत आली तीही पुढे. म्हणजे ज्या पहिल्या वर्षात हे सारे टिकते की मोडते अशी स्थिती होती, त्या वर्षात घराला आधार होता तो या दोन शाळांचा. पुढे त्या शाळांचे नाव बंगालभर झाले आणि त्यांच्या शुल्कातून मिशनच्या इतर कामांनाही पैसा मिळत राहिला.

आपण जे मराठी व्याकरण आणि मराठी कोश अभिमानाने दाखवतो, त्यांच्यावर कॅरी यांचे नाव आहे, आणि वैजनाथ पंडितांच्या साहाय्याचा उल्लेखही जाणकार आवर्जून करतात. तो करायलाच हवा. पण ज्या घरात बसून ही कामे झाली त्या घराची चूल कोणाच्या शिकवण्यावर पेटत होती, हेही त्याच ओळीत सांगायला हवे असे मला वाटते. श्रोत्यांपुढे आपण एवढे एक नाते उभे केले तरी हॅनाबाई त्यांना दूरच्या वाटणार नाहीत.

आता शिकवण्याविषयी. १८०६ च्या सुमारास जोशुआ मार्शमन चिनी भाषेच्या अभ्यासाला लागले. कन्फ्यूशियसच्या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी १८०९ मध्ये छापले आणि चिनी भाषेतील संपूर्ण बायबल १८२२ मध्ये पूर्ण केले. पंधरा-सोळा वर्षे माणूस अशा कामात बुडालेला असताना त्याच्या घरातले निवासी विद्यार्थी आपोआप जेवत नाहीत, त्यांचा ताप आपोआप उतरत नाही आणि मुलींचे धडे आपोआप तपासले जात नाहीत. निवासी शाळा म्हणजे काय, हे ज्यांनी ती चालवली आहे त्यांनाच कळते. तिथे वर्ग सुटला तरी शिक्षक सुटत नाही. हॅनाबाईंनी हे एक-दोन वर्षे केले असते तर त्याला हातभार म्हणता आले असते. त्यांनी ते आयुष्यभर केले, आणि पतीच्या निधनानंतरही केले. तेव्हा ते स्वतंत्रपणे उभे राहणारे काम होते असे मी निःशंकपणे म्हणतो.

नीतिसूत्रांच्या त्या अध्यायाविषयी आपल्या भगिनींना माझा नम्र आग्रह आहे की त्यांनी सोळावे आणि सव्विसावे वचन पुन्हा वाचावे. पहिल्यात ती स्त्री स्वतः पारखून शेत विकत घेते आणि आपल्या हातच्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते, आणि दुसऱ्यात तिच्या तोंडी सुज्ञपणाचे बोल आणि जिभेवर शिक्षण असते. एक मिळवणारी आहे आणि एक शिकवणारी, आणि दोन्ही एकच आहेत. आपण हे वाचन बदलू नये. फक्त कोणत्या वचनांवर थांबायचे ते आधी ठरवावे.

ओसरी यांचा प्रतिसाद

जुनीपाने यांनी हिशेब इतका स्वच्छ मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही. तरीही एका मुद्द्यावर मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मी स्वतः तीस वर्षे शाळेत शिकवले आहे आणि एका पाळकाबरोबर संसार केला आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

आपल्या भाषेत मास्तरीण हा एक शब्द आहे. मास्तरांच्या बायकोलाही मास्तरीण म्हणतात आणि स्वतः शाळेत शिकवणाऱ्या बाईलाही मास्तरीण म्हणतात. पाळकीण शब्दाचेही तसेच. पाळकाशी लग्न झाले की ती पाळकीण होते, आणि मग आजाऱ्यांना भेटणे, शब्बाथशाळेत शिकवणे, भांडण मिटवणे, परगावचा पाहुणा उतरवून घेणे हे सगळे तिच्याकडे येते, कोणी नेमणूक करीत नाही आणि कोणी निवृत्तही करीत नाही. हॅनाबाई या अर्थाने मास्तरीण होत्या. पत्नी आणि शिक्षिका या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात दोन खोल्यांसारख्या वेगळ्या नव्हत्या. म्हणून, "स्वतंत्रपणे उभे राहणारे काम" हे शब्द खरे असले तरी मला ते अपुरे वाटतात. त्यांनी स्वतः ते काम संसारापासून वेगळे काढून पाहिले असेल असे मला वाटत नाही.

त्यांचे आजोबा जॉन क्लार्क हे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात क्रॉकर्टन येथील बाप्तिस्त मंडळीचे पाळक होते. थोरल्या मुलाला त्यांनी आजोबांचेच नाव दिले, यावरून त्या माहेरचा ठसा किती खोल होता हे कळते. १७९१ मध्ये त्यांचे जोशुआ यांच्याशी लग्न झाले. ते एका विणकराचे पुत्र, वाचनाचे विलक्षण वेड असलेले आणि १७९४ पासून ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड मंडळीच्या शाळेत शिक्षक. म्हणजे हिंदुस्थानात येण्याआधीच त्या शिक्षकाच्या घरात नांदत होत्या. लग्नापासून जोशुआ यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ५ डिसेंबर १८३७ पर्यंत, त्यांचा संसार ४६ वर्षांचा झाला.

हा संसार सुखाचाच होता असे म्हणून मोकळे होऊ नये. त्यांना बारा अपत्ये झाली आणि त्यांपैकी कित्येक आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेली. १८३६ मध्ये हिमालयातील लँडूर येथे त्यांच्या मुलीच्या बंगल्याला आग लागली. त्यांचेच नाव ठेवलेली ही मुलगी इंग्रज लष्करी अधिकारी हेन्री हॅवलॉक यांची पत्नी होती. त्या आगीत ती अतिशय भाजली आणि तिचे तान्हे बाळ दगावले. जोशुआ त्या धक्क्यातून सावरले नाहीत. त्यांना पाठवणाऱ्या इंग्लंडमधील बाप्तिस्त मिशनरी संस्थेशी सेरामपूरकरांचे जे मतभेद झाले, ते विकोपाला जाऊन १८२७ मध्ये संबंधच तुटले, आणि त्या वादात सर्वाधिक बोल लागले ते मार्शमन कुटुंबाला. शाळेची मिळकत आणि घराचा पसारा पाहून त्यांच्याविषयी ऐषआरामाचा आरोप झाला. जी मिळकत त्या स्वतः सामाईक तिजोरीत टाकत होत्या, तिच्यावरूनच बोलणी ऐकण्याची वेळ यावी, याहून अधिक खुपणारे काय असेल?

घरातल्या दुसऱ्या एका दुःखाचाही उल्लेख आपण करावा. कॅरी यांच्या पत्नी डॉरोथी यांचे मन अनेक वर्षे आजारी होते आणि १८०७ मध्ये त्या गेल्या. आईची अशी स्थिती, वडील भाषांतरात गढलेले, त्यामुळे कॅरी यांचे मुलगे मोकाट सुटल्यासारखे झाले होते. त्या मुलांना वळण लावण्याचा भार वॉर्ड आणि मार्शमन दांपत्याने उचलला. हॅनाबाईंनी याविषयी लिहून ठेवले आहे, आणि त्याचा आशय असा की त्या सज्जन माणसाला वाईट दिसत होते, त्याचे दुःखही होत होते, पण ते आवरण्यासाठी लागणारा कठोरपणा त्यांच्या स्वभावातच नव्हता. हे शब्द एका शिक्षिकेचे आहेत. आदर कायम ठेवून, दोष जिथे आहे तिथे बोट ठेवणे तिला साधले आहे. त्या मुलांपैकी फेलिक्स पुढे ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला.

आणखी एक गोष्ट, जी वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. सेरामपूरच्या सुरुवातीच्या दिवसांत कॅरी यांनी मार्शमन यांची स्तुती करताना लिहिले की परिश्रम आणि शहाणपण या दोन्ही गुणांत हा माणूस अद्भुत आहे, आणि त्यांतल्या दुसऱ्या गुणात त्यांची पत्नीही तशीच आहे. कॅरी यांचा हेतू निर्मळ होता यात मला शंका नाही. पण परिश्रमाचे श्रेय एकट्या नवऱ्याला आणि शहाणपणाचे दोघांना, ही वाटणी वाचताना मला निवासी शाळेतली ती पहाट दिसते, जेव्हा सगळ्यांत आधी उठलेले माणूस कोण असेल हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

दिवेलागण

दोघांचेही मनापासून आभार. मास्तरीण हा शब्द मी रोज वापरते, पण तो असा उलगडून कधी पाहिला नव्हता. ओसरीताई, आपली परवानगी असेल तर भाषणाची सुरुवात त्या शब्दानेच करीन.

एक अडचण मात्र उरते. संघात काही तरुण मुली आहेत आणि त्या नक्की विचारतील की ही निवासी शाळा कोणासाठी होती. ती मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुलांसाठी होती, असे मी वाचले आहे. मग बंगाली मुलींना हॅनाबाईंपासून काय मिळाले? हा प्रश्न टाळून मला पुढे जायचे नाही.

खडूफळा यांचा प्रतिसाद

हा प्रश्न टाळू नये हे अगदी योग्य आहे. उत्तर सरळ द्यावे. शुल्क घेणारी निवासी शाळा अशा कुटुंबांसाठीच होती ज्यांना ते शुल्क परवडत होते, आणि ती कुटुंबे बहुतेक युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन होती. मिशनचे पोट त्या शुल्कावर चालत होते आणि तिथून उरलेला पैसा व वेळ देशी भाषेतील शाळांकडे वळत होता. देशी शाळा कशा चालवाव्यात याविषयीची जोशुआ मार्शमन यांची पुस्तिका १८१६ मध्ये निघाली, आणि त्यानंतर सेरामपूरच्या आसपासच्या गावांत अशा शाळा मोठ्या संख्येने सुरू झाल्या. १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेजची स्थापना झाली आणि समाचार दर्पण हे बंगाली नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. त्याची जबाबदारी हॅनाबाईंच्या थोरल्या मुलाकडे होती. देशी मुलींच्या शाळा प्रामुख्याने त्यानंतरच्या दशकात उभ्या राहिल्या आणि त्यांत हॅनाबाईंचे लक्ष आणि श्रम होते.

त्या मुली किती आल्या आणि किती टिकल्या, यापेक्षा त्या येण्याच्या वाटेत काय काय होते हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मुलीने अक्षर गिरवले तर ती विधवा होते असा समज तेव्हा घरोघरी होता आणि तो आपल्याकडेही होता. लग्न लहानपणीच होत असल्यामुळे मुलगी वाचू लागते न लागते तोच शाळेबाहेर जाई. त्यात शिकवणाऱ्या बाई परक्या धर्माच्या, आणि त्यांना आपला धर्म सांगायचा होता हे त्यांनी कधी लपवले नाही. आईबापांची शंका समजण्यासारखी होती. आपल्या तरुण मुलींना हे सर्व आहे तसे सांगावे. हॅनाबाईंची श्रद्धा आणि त्यांचे शिकवणे यांत फट नव्हती. आपल्या प्रभूसाठी आपण हे करतो असेच त्या मानत होत्या, आणि हे वगळून त्यांचे चित्र पुरे होणार नाही.

महाराष्ट्राशी तुलना केली तर काळाचा अंदाज येतो. सिंथिया फरार अमेरिकन मराठी मिशनमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी आल्या त्या १८२७ मध्ये, म्हणजे हॅनाबाईंच्या पहिल्या शाळेनंतर सत्तावीस वर्षांनी. त्या अविवाहित होत्या, शिक्षिका म्हणूनच पाठवल्या गेल्या होत्या आणि त्यामुळे त्यांच्या कामाची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने झाली. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये आल्या, त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि अवघ्या सहा वर्षांत, १८३५ मध्ये, त्या वारल्या. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली १८४८ मध्ये, हॅनाबाईंच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी. कोणी पहिले आणि कोण मोठे हे ठरवण्यासाठी या तारखा मी देत नाही. सावित्रीबाईंनी जे सोसले ते स्वतःच्या समाजात राहून सोसले आणि ते सोसणेच वेगळे आहे. पण मिशनरी स्त्रियांपैकी अनेकींना इथले हवामान पाच-दहा वर्षेही जगू देत नसे, अशा काळात एक बाई ४७ वर्षे शिकवत राहते, हे आपल्या श्रोत्यांच्या लक्षात यावे म्हणून मार्गारेटबाईंची सहा वर्षे त्याच्या शेजारी ठेवावीत.

दीर्घायुष्याला आपण सहसा देवाचा आशीर्वाद म्हणतो आणि तो आहेच. पण शिक्षकाच्या बाबतीत त्याचा आणखी एक अर्थ होतो. १८०० च्या मे महिन्यात जी दहा वर्षांची मुलगी हॅनाबाईंच्या वर्गात बसली असेल, ती १८४७ मध्ये सत्तावन्न वर्षांची झाली असेल, आणि तिची नातवंडे शाळेच्या वयाची असतील. एका बाईंच्या हाताखाली तीन पिढ्या जाऊ शकल्या असत्या. लक्ष्मीबाई टिळकांसारखी स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारी लेखणी प्रत्येकीला लाभत नाही, आणि ज्यांना ती लाभली नाही त्यांची आठवण अशा पिढ्यांमध्येच शोधावी लागते.

नदीकाठ यांचा प्रतिसाद

मुख्य गोष्टी वर आल्याच आहेत, म्हणून मी फक्त शेवटच्या दहा वर्षांविषयी आणि सेरामपूरच्या प्रार्थनामंदिरातील स्मृतिफलकाविषयी लिहितो.

वॉर्ड १८२३ मध्ये गेले, कॅरी १८३४ मध्ये आणि जोशुआ १८३७ मध्ये. त्यानंतर सव्वानऊ वर्षे हॅनाबाई त्याच गावात राहिल्या. ज्या डॅनिश झेंड्याच्या आश्रयाला त्या १७९९ मध्ये आल्या होत्या, तो झेंडाही १८४५ मध्ये उतरला आणि सेरामपूर इंग्रजांना विकले गेले. म्हणजे पहिल्या मंडळीतली सगळी माणसे गेलेली, राज्यही बदललेले, आणि या मात्र तिथेच. इंग्लंडला परत जाण्याचा मार्ग त्यांना बंद नव्हता.

फलकावर त्यांची ओळख जोशुआ मार्शमन यांच्या विधवा आणि सेरामपूरच्या मिशन कुटुंबातील अखेरची हयात व्यक्ती अशी दिली आहे. आपण ज्या गोष्टीने व्यथित झालात ती तिथेही पहिल्याच ओळीत आहे. पण पुढे वाचत गेले की त्या ऑक्टोबर १७९९ मध्ये आल्या, मे १८०० मध्ये मिशनच्या चरितार्थासाठी त्यांनी विद्यालय उघडले आणि आपले आयुष्य व मालमत्ता या कार्याला वाहिली, असे क्रमाने नोंदवले आहे. विद्यालय उघडले याचा कर्ता त्या वाक्यात हॅनाबाई आहेत, जोशुआ नाहीत. जुनीपाने यांनी हिशेबातून काढलेला निष्कर्ष त्या दगडावर आधीच कोरलेला आहे. ज्यांनी तो मजकूर लिहिला त्यांना विधवा म्हणण्यात आणि शाळेच्या संस्थापक म्हणण्यात विरोध दिसला नाही, हे ओसरीताईंच्या म्हणण्यालाही धरून आहे.

एक लहानशी दुरुस्ती. फलकावर वय ८० दिले आहे. त्यांचा जन्म १३ मे १७६७ चा, म्हणजे मृत्यूच्या वेळी ८० वे वर्ष चालू होते आणि ते पूर्ण व्हायला दोन महिने आणि काही दिवस कमी होते. आपण प्रश्नात जवळजवळ ८० म्हटले आहे तेच बरोबर आहे. भाषणातही तसेच ठेवावे.

दिवेलागण

नदीकाठ, फलकावरील क्रमाबद्दल विशेष आभार. मी भाषण पुन्हा लिहायला घेतले आहे. मास्तरीण या शब्दाने सुरुवात, मग १ मे १८०० ची शाळा आणि तिजोरी, मग कॅरी यांची मुले, मग मुलींच्या शाळांविषयी खडूफळा यांनी सांगितलेले सर्व, आणि अखेरीस तो फलक. लँडूरच्या आगीचा प्रसंग घ्यावा की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही, कारण आमच्यात एक आजी आहेत ज्यांनी तसेच दुःख पाहिले आहे. मी आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांना विचारणार आहे. त्या आजीसुद्धा पूर्वी गावच्या शाळेत बाई होत्या आणि त्यांचे पती आमच्याच मंडळीचे पाळक होते. त्या दिवशी नीतिसूत्रांचा अध्याय त्यांनीच वाचावा, असे संघाने काल ठरवले.